आमच्यामागे कोण?

आईबापांनी मुलांच्या आधी जावे हा सृष्टीचा क्रम आहे आणि तो तसाच राहावा, अशी प्रत्येक आईबापाची देवाकडे मागणी असते. परंतु आपल्याच समाजात, आपल्याच शेजारपाजारी, असे काही आईबाप आहेत की जे नेमकी उलट मागणी करतात. 'आमच्या आधी एक दिवस का होईना, पण याला ने', असे ते देवापुढे उभे राहून मनोमन म्हणतात. हे शब्द ऐकणाऱ्याला क्रूर वाटतील. पण ते मायेतून आणि हतबलतेतून आलेले असतात. ज्याला स्वतःची भूक सांगता येत नाही, दुखलेखुपले बोलून दाखवता येत नाही, जेवणाचे ताट रोजच्या जागी नसले तर ज्याचा सारा दिवस विसकटून जातो, असा पस्तीस-चाळीस वर्षांचा मुलगा आपल्या पश्चात कोणाच्या हाती सोपवावा, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नसते. खरे सांगावयाचे तर समाजापाशीही ते नाही. म्हणूनच स्वमग्न प्रौढांचा हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २००८ सालापासून दरवर्षी २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ठिकठिकाणच्या इमारतींवर निळे दिवे लागतात, शाळांतून चित्रांची प्रदर्शने भरतात, मंत्र्यांची भाषणे होतात. या समारंभांबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या साऱ्यात डोळ्यांपुढे असते ते केवळ लहान मूल. जणू काही स्वमग्नता हा गोवरकांजिण्यांसारखा बालवयातील विकार आहे आणि वय वाढले की तो आपोआप मागे पडतो! वस्तुस्थिती तशी नाही. स्वमग्नता ही जन्माबरोबर येते आणि जन्मभर सोबत करते. मूल मोठे होते, त्याला मिसरूड फुटते, केस पांढरे होतात, तरी ती असतेच. आणि समाजाची सहानुभूती मात्र त्या मिसरुडाबरोबरच आटत जाते. सहा वर्षांचा मुलगा बसमध्ये कानावर हात ठेवून ओरडला तर लोक त्याला गोळी-बिस्किट देतात. तोच तीस वर्षांचा झाला आणि तसाच ओरडला, तर वाहक त्याला खाली उतरवितो.

मराठीत रूढ झालेला 'स्वमग्नता' हा शब्द सुटसुटीत खरा. पण त्याने गैरसमजही थोडा झालेला नाही. अशी माणसे स्वतःत रमलेली असतात, त्यांना इतरांची गरजच नसते, असा अर्थ लोक त्यातून काढतात. प्रत्यक्षात त्यांतील अनेकांना माणसांची ओढ असते. मात्र बोलण्याचे, नजरेचे, हावभावांचे जे संकेत आपण न शिकता उचलतो, ते त्यांना उमगत नाहीत. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची जाण कोणाला सोसवणार नाही इतकी तीव्र असते. ठरलेला क्रम मोडला की मनाचा तोल ढळतो. शिवाय ही सारी माणसे एका साच्यातील नव्हेत. एखादा जन्मात एक वाक्य बोलत नाही. तर अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांच्यासारखी एखादी स्त्री प्राध्यापक होते आणि गुराढोरांच्या हाताळणीसाठी तिने आखलेल्या योजना देशभर वापरात येतात. सर्वांना एकच माप लावणे, ही या प्रश्नातील पहिली चूक होय.

अशी माणसे आहेत तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालाबाबतच्या अंदाजानुसार जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. हाच हिशेब लावला तर आपल्या या चिमुकल्या राज्यात अकरा हजारांहून अधिक स्वमग्न माणसे असावीत आणि त्यांतील बहुसंख्य प्रौढ असणार. हा परदेशातून उसना आणलेला विकार, अशी कोणाची समजूत असल्यास त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेली भारतातील पाहणी ध्यानात घ्यावी. मुलांमधील मेंदूविकासाच्या विकारांची ती पाहणी देशात पाच ठिकाणी झाली आणि त्यांतील एक ठिकाण उत्तर गोवा हे होते. तेव्हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. मात्र वर दिलेला अकरा हजारांचा आकडा हा हिशेब आहे, मोजणी नव्हे. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे आठ प्रकार विचारले गेले, त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. ज्याची मोजदादच नाही, त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?

त्यातून आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्या लहानपणी हा शब्द आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांच्याही कानांवरून गेला नव्हता. वाड्यावर त्यांना कोणी 'पिसो' म्हणत, कोणी मुका समजत, कोणी घराण्याला लागलेला दोष मानीत. आईने गरोदरपणी काय केले, काय खाल्ले, याची चर्चा सोयरीकसंबंधांत होई. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे एकेकाळी पाश्चात्त्य पंडितांनीही ठासून सांगितले होते. ते मत शास्त्राने केव्हाच निकालात काढले. पण ज्या आयांनी तो कलंक जन्मभर वाहिला, त्यांची भरपाई कोणी केली नाही. अशी कित्येक मुले ना शाळेत गेली, ना इस्पितळात तपासली गेली. आज त्यांच्यापाशी ना निदान आहे, ना प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रावाचून सरकारी दारे उघडत नाहीत.

या विषयाच्या इतिहासातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांला वाटते. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत एका निबंधात प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९७१ साली, त्याच कॅनरनी त्या अकरा जणांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत टाकली गेली, त्यांच्या अंगची उरलीसुरली चमकही तेथे विझून गेली होती. तेथे दाखल होणे म्हणजे जवळजवळ जन्मठेपच ठरली. उलट, माणसांत राहिलेल्या दोघांनी आपले बस्तान बसविले होते. एक जण कार्यालयात प्रती काढण्याचे यंत्र चालवीत होता. दुसरा बँकेत नोकरीस होता.

हा दुसरा म्हणजे कॅनरच्या निबंधातील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी १९३३ साली तो जन्मला. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईबापांनी त्याला चौथ्या वर्षी एका संस्थेत ठेवले. पण तेथे तो कोमेजताना पाहून त्यांनी त्याला परत घरी आणले. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्या शेतकऱ्याने मानसशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नव्हता. मुलाला मोजमापाचा नाद आहे हे पाहून त्याने त्याला विहीर खणावयास आणि तिची खोली मोजावयास लावले. मक्याच्या ओळी तो सारख्या मोजतो हे पाहून नांगर त्याच्या हाती दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजावयास सांगितले. ज्या छंदाला शहाणे लोक वेड म्हणत, त्यालाच त्या अडाणी माणसाने काम बनविले. डोनाल्ड पुढे महाविद्यालयातून पदवीधर झाला, बँकेत लागला, मोटार चालवावयास शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला. आईबाप गेल्यावरही तो आपल्याच घरी राहिला. कुटुंबाने करून ठेवलेल्या विश्वस्त निधीतून त्याचा खर्च चाले, गावकरी त्याच्यावर लक्ष ठेवीत. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो आपल्या गावातच निवर्तला.

यावर कोणी म्हणेल, की ट्रिपलेट कुटुंब धनिक होते, बँक त्यांच्या घरचीच होती. सामान्य माणसाला हे कसे जमावे? आक्षेप रास्त आहे आणि आमचा मुद्दाही तोच आहे. डोनाल्डला जे दैवाने मिळाले, ते इतरांना व्यवस्थेने मिळावयास हवे. घर, काम, विश्वस्त, ओळखीचे गाव, या चार गोष्टींवर त्याचे आयुष्य उभे राहिले. त्यांतील एकही गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही, एकही डॉक्टरांच्या हातची नाही. चारही समाजाच्या हातच्या आहेत. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनीच संघटना काढली, १९७४ साली स्वमग्न प्रौढांसाठी निवासाची सोय उभारली आणि २००९ साली पार्लमेंटने खास स्वमग्नांसाठी कायदा करून प्रौढांसाठी धोरण आखणे सरकारवर बंधनकारक केले. पालकांनी आरंभ केला तरी शेवटी भार राज्यसंस्थेने उचलावा लागतो, हे तेथील लोकांनी ओळखले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा नामोल्लेखही नव्हता. परंतु १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि २०१६ साली दिव्यांगजनांच्या हक्कांचा जो नवा कायदा झाला, त्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. त्या कायद्याचे पाचवे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे. अपंग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक एका ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर होऊ नये. आणि घरी, निवासात तसेच वस्तीत मिळणाऱ्या साहाय्यसेवा, वैयक्तिक साहाय्यकासह, तिला उपलब्ध करून देण्यासाठी सरकारने झटावे, असे ते सांगते. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार इत्यादी गटांसाठी आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे, प्रौढांच्या निवासासाठी घरौंदा आहे, अल्पकाळच्या सांभाळासाठी समर्थ आहे. नावे तर एकाहून एक गोड! पण काणकोणच्या किंवा सत्तरीच्या एखाद्या वाड्यावरील सत्तरीची आई या नावांतील नेमके काय मिळवू शकते, हे विचारले तर उत्तर देताना सरकारी अधिकारीही चाचरेल.

खरी फट अठराव्या वर्षी पडते. अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने अठरा वर्षांपर्यंत दिला आहे. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांनी मुलांच्या शिक्षणासाठी गोव्यात जे काम केले, त्याचे ऋण समाजाने मान्यच केले पाहिजे. पण शाळेचे दार मागे मिटले, की पुढे काय? सकाळी पिशवी खांद्याला लावून बसची वाट पाहण्याची ज्याला बारा वर्षांची सवय, त्याला एका सकाळी सांगितले जाते, की आता उद्यापासून जाणे नाही. ठरलेल्या क्रमावर ज्याचे सारे मन उभे, त्याचा पायाच आपण काढून घेतो. मग तो घरात येरझारा घालतो, कधी चिडतो, कधी हात उगारतो. आईबाप थकत जातात आणि घराची दारे मिटत जातात. लग्नकार्याला जाणे बंद, जत्रेला जाणे बंद. आईला तर माहेरी दोन दिवस राहावयासही मिळत नाही. वर्षानुवर्षे रजेवाचून, वेतनावाचून चाललेली ही चाकरी कोणाच्याही हिशेबात नाही.

'पूर्वी हे प्रश्न नव्हते, एकत्र कुटुंबात सारे सामावून जात', असे म्हणणाऱ्यांस आम्ही आजचा गोवा पाहावयास सांगू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर दर स्त्रीमागे अवघा १.३ आढळला. म्हणजे कित्येक घरांत एकच अपत्य. भाऊ किंवा बहीण पाठीशी असण्याचा प्रश्नच उरत नाही. असलाच भाऊ, तर तो आखातात, बोटीवर, नाहीतर पोर्तुगाल-इंग्लंडात. मोठमोठी घरे कुलुपांत आहेत आणि उघड्या घरांत दोन म्हातारी माणसे व त्यांचे चाळिशीतले मूल, एवढीच वस्ती आहे. ज्या एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो, ते आता भिंतीवरच्या तसबिरीत उरले आहे.

गोव्यात आणखी एक खास गोष्ट आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने पुढे चालविलेल्या तत्त्वानुसार, आईबापांच्या मालमत्तेतील निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. कोणत्याही अपत्याला मनमानीने डावलता येत नाही. म्हणजे स्वमग्न मुलाचा वाटा येथे कायद्यानेच सुरक्षित आहे. देशातील इतर भागांच्या मानाने ही मोठीच जमेची बाजू. शिवाय उरलेल्या निम्म्या भागाची व्यवस्था आईबाप मृत्युपत्राने त्याच्या हितासाठी करू शकतात. परंतु वाट्याला आलेले घर नि भाट सांभाळावयाचे कोणी? इन्व्हेंटरीच्या कागदावर नाव येते, पण सही ठोकणारा हात कोणाचा असतो? अठराव्या वर्षानंतर आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखालील स्थानिक समितीकडून पालकत्व मिळवावे लागते, हे किती घरांना ठाऊक आहे? बहुतेकांना ते कळते ते बँकेने खाते उघडण्यास नकार दिल्यावर किंवा आईबापांपैकी एक जण गेल्यावर. तोपर्यंत वाटा कागदावर आणि माणूस वाऱ्यावर, अशी अवस्था झालेली असते.

मग करावे काय? सर्वप्रथम गणना. पंचायती आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रे यांच्यामार्फत घरोघर जाऊन प्रौढांची नोंद व्हावी आणि प्रमाणपत्रासाठी तपासनिसांनी तालुक्यांत यावे. म्हाताऱ्या आईने मुलाला घेऊन बांबोळीच्या फेऱ्या मारू नयेत. दुसरे, प्रत्येक तालुक्यात प्रौढांसाठी एक दिवसाचे केंद्र असावे. तेथे ठरलेल्या वेळी जाणे, आपल्या कलाचे काम करणे, चार माणसांत जेवणे आणि संध्याकाळी घरी परतणे, एवढे जरी झाले तरी त्या माणसाला दिवस मिळतो आणि आईला श्वास मिळतो. काम मात्र दयेचे नको. केवळ मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या यांवर सर्वांना बसविणे हा आळशीपणा होय. मोजण्याची आवड असलेल्याला कोठारात, अक्षर सुबक असलेल्याला ग्रंथालयात, झाडांत रमणाऱ्याला कुळागरात काम का मिळू नये? तिसरे, वर्षातून काही दिवस अशा माणसाचा विश्वासाने सांभाळ करणारी सोय, म्हणजे आईबापांना इस्पितळात जाता येईल, बहिणीचे लग्न पाहता येईल.

चौथी आणि सर्वांत नाजूक बाब निवासाची. आईबापांच्या पश्चात राहण्यासाठी गावाबाहेर कुंपण घालून शंभर जणांचा आश्रम बांधणे सोपे आहे. त्याची कोनशिला बसविता येते, उद्घाटन करता येते. परंतु कॅनरच्या अकरा मुलांचा धडा आपण विसरता कामा नये. वस्तीतच एखादे घर, त्यात चार-पाच जण आणि त्यांना ओळखणारे दोन साहाय्यक, हीच दिशा बरोबर आहे. आणि ज्याला स्वतःच्याच घरी राहावयाचे आहे, त्याला तेथे साहाय्यक मिळावा. असे साहाय्यक कोठून आणावयाचे, या शंकेचे उत्तरही गोव्यानेच दिलेले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय प्रयोगात, तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांना मार्गदर्शन केले आणि आईबाप व मूल यांच्यातील संवाद त्यामुळे सुधारल्याचे दिसून आले. तो प्रयोग लहान मुलांपुरता होता. पण गावातील माणूस शिकवून तयार करता येतो, हे त्याने दाखवून दिले. प्रौढांसाठी तसे कार्यकर्ते तयार करावेत, त्यांना पोट भरेल असे वेतन द्यावे; मानधनाच्या नावाखाली राबवून घेऊ नये.

सरकारने २०२३ च्या जानेवारीत पणजीत अपंगांसाठी पर्पल फेस्ट भरविला आणि पुढे त्याला आंतरराष्ट्रीय रूप दिले. हा उपक्रम स्तुत्य आहे. अपंग माणूस चारचौघांत सन्मानाने मिरवला, हे थोडे नव्हे. परंतु उत्सव तीन-चार दिवसांचा असतो आणि वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे. मांडव उतरल्यावर हाती काय उरले, हा प्रश्न विचारणे हा उत्सवाचा द्वेष नव्हे. येत्या अर्थसंकल्पात स्वमग्न व बौद्धिक अपंग प्रौढांच्या साहाय्यसेवांसाठी स्वतंत्र तरतूद दिसावी आणि ती कोणत्या तालुक्यात कशी खर्च झाली, याचा हिशेब वर्षअखेर विधानसभेपुढे यावा, अशी आमची मागणी आहे. आणि ही आखणी करताना बोलू शकणारे स्वमग्न प्रौढ समितीवर असावेत. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना बाहेर बसवून घेणे, ही पारतंत्र्याचीच रीत होय.

सरकारकडे बोट दाखवून समाजाला मात्र मोकळे होता येणार नाही. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा जत्रा आणि लग्नसराई वगळता वर्षातील कितीतरी दिवस रिकाम्या असतात. महाजनांनी मनावर घेतले तर तालुक्याचे पहिले दिवसकेंद्र एखाद्या अग्रशाळेत उद्या सुरू होऊ शकेल. ढोलताशे, दारूकाम आणि गर्दी यांच्या भीतीने ज्यांना देवदर्शन दुर्मीळ झाले आहे, त्यांच्यासाठी आठवड्यातील एक शांत घटका राखून ठेवण्यास काही खर्च येत नाही. पंचायतीने अशा घरांची यादी ठेवावी, पोलिसांना त्या माणसांची ओळख करून द्यावी. म्हणजे वाट चुकलेला माणूस चोर समजून चोपला जाणार नाही. बसवाहक, दुकानदार, पोदेर, शेजारी यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की समोरचा माणूस नजरेला नजर देत नाही म्हणून तो उद्धट नाही आणि बोलत नाही म्हणून त्याला समजत नाही, असेही नाही.

आईबापांनाही आमची एक विनंती आहे. लाजेने दार लावून घेऊ नका. पालकत्वाची आणि मृत्युपत्राची कागदपत्रे हातीपायी धडधाकट असतानाच करून ठेवा. आपल्या मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, दुखले तर तो काय करतो, हे एका वहीत लिहून ठेवा. तुमच्या पश्चात येणाऱ्या माणसाला त्याहून मोलाचा वारसा दुसरा नाही. आणि एकमेकांना शोधा. एका घराची हाक पंचायतीपर्यंतही पोचत नाही; पन्नास घरांची हाक विधानसभेला ऐकावी लागते.

जो कमावतो, बोलतो आणि मतदान करतो, त्याचा विचार कोणतीही राजवट करते. ज्याला स्वतःची गाऱ्हाणी मांडता येत नाहीत, त्याला ती न मागताच न्याय देते की नाही, यावर स्वराज्याची परीक्षा होते. गोवा मुक्त झाला, विधानसभा आली, रस्ते झाले, पूल झाले. तरीही आपल्या लेकराने आपल्या आधी जावे, असे एखाद्या आईला देवाकडे मागावे लागत असेल, तर त्या स्वराज्याचे बरेच काम अजून शिल्लक आहे. ते काम आता कोणीतरी हाती घेतले पाहिजे आणि त्याचा आरंभ आपापल्या वाड्यापासून करावयास कोणाच्याही आदेशाची आवश्यकता नाही.